पॉपकॉर्नचा डबा, नायलॉनची दोरी आणि उलटे आटे

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातली काही पुनरुक्ती गाळली आहे, बाकी बरंचसं तसंच ठेवलं आहे.)

आज अशा एका वस्तूचा इतिहास सांगायचा आहे, जिला आपल्याकडे धड नावसुद्धा नाही. गवत कापायचं ते पेट्रोलवर चालणारं, पट्ट्याने खांद्याला अडकवायचं मशीन सगळ्यांना ठाऊक आहे. कोकणात लोक त्याला ग्रास कटर म्हणतात, दुकानदार ब्रश कटर म्हणतो. पण त्याच्या टोकाला जो गोल प्लॅस्टिकचा भाग असतो, ज्यातून नायलॉनच्या दोन दोऱ्या बाहेर आलेल्या असतात, त्याला काय म्हणायचं? कुणी हेड म्हणतं, कुणी टॅप अँड गो म्हणतं, आणि कुणी सरळ ‘तो दोरीचा डबा’ म्हणतं. यातलं शेवटचं नाव इतिहासाला सगळ्यात धरून आहे. कारण पहिलं हेड खरोखरच डबा होतं. पॉपकॉर्नचा.

साल १९७१. अमेरिकेतल्या टेक्सस राज्यातलं ह्यूस्टन शहर. जॉर्ज बॅलस नावाचे गृहस्थ आपली गाडी धुवायला घेऊन गेले होते. बॅलस हे काही इंजिनिअर नव्हते. ग्रीक स्थलांतरितांच्या घरात १९२५ साली लुईझियानात जन्मलेला माणूस, दुसऱ्या महायुद्धात विमानदळात होता, आणि नंतर ह्यूस्टनमध्ये त्याने डान्स सिटी यूएसए नावाचा भलामोठा नृत्यशिक्षणाचा स्टुडिओ चालवला. (त्यांचा मुलगा आणि नातू दोघेही पुढे नावाजलेले नर्तक झाले. घराण्याची खरी ओळख तीच, गवत हा मधला अपघात.)

तर गाडी धुण्याच्या त्या यंत्रात गोल फिरणारे नायलॉनचे मोठे ब्रश असतात. बॅलस काचेतून ते बघत बसले होते. ब्रश फिरायला लागला की त्याचे केस ताठ होऊन सरळ उभे राहतात, पण गाडीला लागले की वाकतात, वळणावळणातून फिरतात, रंगाला ओरखडा न पाडता चिखल काढतात. बॅलस यांच्या घराच्या आवारात मोठी झाडं होती आणि त्यांच्या बुंध्याभोवतीचं, मुळांमधलं गवत काढणं ही कायमची कटकट होती. लोखंडी पातं तिथे नेलं की साल सोलली जाते. त्यांच्या मनात आलं, तिथे असंच काहीतरी वाकणारं फिरवलं तर?

घरी येऊन त्यांनी पॉपकॉर्नचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्याला भोकं पाडली, त्यातून मासेमारीची दोरी ओवली आणि लॉनची कड कापायच्या मशीनच्या मोटरवर तो डबा बसवला. आवाज प्रचंड झाला. पण गवत तुटलं.

आता इथे जरा थांबू या, कारण पुढचं सगळं समजायला हा मुद्दा लागणार आहे. मऊ दोरी गवत कापते कशी? ती धारदार नाही, जड नाही. सगळी करामत वेगाची. व्यावसायिक मशीनचं साधारण उदाहरण घ्या: दोरीच्या टोकापासून टोकापर्यंत ४२ सेंटिमीटर, आणि मिनिटाला ७,००० फेरे. हिशोब केला तर टोकाचा वेग सेकंदाला साधारण १५४ मीटर येतो, म्हणजे ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या वर. त्या वेगाला टोकाशी असलेल्या एक ग्रॅम वजनाच्या तुकड्याला बाहेरच्या दिशेने सुमारे साडेअकरा किलो वजनाइतकी ओढ बसते. दोरी ताठ राहते ती या ओढीमुळे. मशीन थांबलं की ती पुन्हा लुळी पडते. हा साडेअकरा किलोचा आकडा लक्षात ठेवा, पुढे एका वाईट प्रसंगात तो परत येणार आहे.

दोरी नायलॉनचीच का, याचंही उत्तर इतिहासात आहे. नायलॉन हे ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने १९३५ साली बनवलं. बाजारात ते आधी आलं टूथब्रशच्या केसांच्या रूपात, १९३८ साली. बायकांचे मोजे नंतर आले. म्हणजे वाकून परत सरळ होणारा ताठ केस हीच या पदार्थाची पहिली नोकरी. बॅलस यांनी गाडी धुताना पाहिला तोही केसच.

बॅलस यांनी टॉम गाइस्ट नावाच्या यंत्रकारागिराच्या मदतीने कल्पनेला आकार दिला आणि अवजारं बनवणाऱ्या कंपन्यांचे उंबरे झिजवले. कुणालाच पटेना. दोरीने गवत कापायचं? शेवटी त्यांनी स्वतःच कंपनी काढली, नाव ठेवलं वीड ईटर. तण खाणारा. पहिल्याच वर्षात विक्री पाच लाख डॉलरच्या वर गेली, १९७६ साली ती ४ कोटी १० लाख डॉलरवर पोहोचली, आणि १९७७ साली बॅलस यांनी कंपनी एमर्सन इलेक्ट्रिकला विकून टाकली. ती पुढे इलेक्ट्रोलक्सकडे आणि तिथून हुस्कवार्नाकडे गेली. ही हुस्कवार्ना म्हणजे १६८९ साली बंदुका बनवायला सुरू झालेली स्वीडिश कंपनी. नावाचं म्हणाल तर अमेरिकेत कुठल्याही कंपनीच्या अशा मशीनला लोक वीड ईटरच म्हणू लागले, जसं आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. इंग्लंडमध्ये स्ट्रिमर, ऑस्ट्रेलियात व्हिपर स्निपर.

पण मंडळी, मशीनचा इतिहास सगळीकडे सापडतो. हेडचा कुणी सांगत नाही. आणि ज्याचं पोट या मशीनवर आहे त्याचा दिवस हेडवर चांगला किंवा वाईट जातो.

दोरी झिजते. दगडाला, कुंपणाच्या तारेला, भिंतीला घासली की टोक तुटतं. पहिल्या हेडमध्ये मापात कापलेले तुकडे ओवलेले असायचे. संपले की मशीन बंद करा, वाका, जुने काढा, नवे घाला. मग आतमध्ये रीळ आलं, पण दोरी वाढवायला तरीही मशीन बंद करून हाताने ओढावी लागे. घरच्या बागेत ठीक. पण रस्त्याच्या कडेचं गवत ठेक्याने कापणाऱ्याला दिवसातून पन्नास वेळा वाकायला लावणं म्हणजे शिक्षा.

त्यावर निघालेला उपाय म्हणजे टॅप अँड गो. हे मुळात वीड ईटरचंच व्यापारी नाव, आज आपल्या गावच्या दुकानातही तेच चालतं. यंत्रणा इतकी साधी आहे की कौतुक वाटतं. हेडच्या तळाला एक गोल बटण असतं, आत स्प्रिंग, आणि रिळाच्या कडेला दाते. दाते खाचेत अडकलेले असतात म्हणून रीळ हेडबरोबर फिरतं, मोकळं सुटत नाही. चालू मशीन जमिनीवर हलकेच टेकवलं की बटण आत दाबलं जातं, दाते क्षणभर खाचेतून सुटतात, आणि आपण मघाशी पाहिली ती ओढ दोरीला बाहेर खेचते. स्प्रिंग रिळाला परत जागेवर आणते, पुढचा दाता अडकतो. दोरी दोन-तीन सेंटिमीटर बाहेर आलेली असते. जास्त आलीच तर गार्डला लावलेलं छोटं पातं ती मापात कापतं. मोटर नाही, वायर नाही, काही नाही.

आणि म्हणूनच ते बिघडतं कुठे तेही लगेच सांगता येतं. दाते गोल झाले की रीळ एकदम सुटतं आणि दोरी भराभर संपते. खाचेत माती आणि गवताचा रस सुकून बसला की टॅप करूनही दोरी येत नाही, मग माणूस जोरात आपटतो आणि बटण फुटतं. दोरी बाहेर येते त्या भोकाला धातूची कडी नसेल तर दोरी प्लॅस्टिक कापत जाते आणि मग स्वतः तिथे तुटते. स्वस्तातल्या नकली हेडमध्ये पहिली काटकसर बहुधा या कडीवरच केलेली असते. दुकानात हेड हातात घेतलं की सगळ्यात आधी तिकडे बघा. ती नसेल तर किंमत विचारायची गरज नाही.

स्वयंचलित हेडही निघाली, वेग कमी-जास्त केला की आपोआप दोरी सोडणारी. घरगुती मशीनवर ती चालली. रोज सात-आठ तास काम करणाऱ्यांनी ती फारशी स्वीकारली नाही आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. दोरी कधी सोडायची हे आपल्या हातात असलेलं बरं.

त्यापेक्षा खरी सुधारणा जपानकडून आली. दोरी भरणं हा या कामातला सगळ्यात वैतागवाणा भाग: हेड उघडा, स्प्रिंग उडून गवतात हरवते, रिळावर दोन्ही दोऱ्या वेगवेगळ्या खणात, बाणाच्या दिशेने, घट्ट गुंडाळा, पुन्हा बसवा. शिंदाइवा कंपनीच्या स्पीड फीड हेडने हे सगळं काढून टाकलं. एका भोकातून दोरी घालायची, दुसऱ्या बाजूने बाहेर काढायची, दोन्ही टोकं सारखी करायची आणि तळाची मूठ फिरवायची. दोरी आत गुंडाळली जाते, हेड उघडावं लागत नाही. आता बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे याच धाटणीची हेड आहेत. शिंदाइवा आणि इको हा ब्रँड असलेली किओरित्झ या दोन कंपन्या २००८ साली एकत्र आल्या आणि नव्या कंपनीचं नाव यामाबिको ठेवलं. जपानीत यामाबिको म्हणजे डोंगरातला प्रतिध्वनी, म्हणजेच इको. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे.

आता तो वाईट प्रसंग.

दोरी झिजते म्हटल्यावर कुणाच्या तरी डोक्यात येणारच की दोरीऐवजी साखळी लावू. तशी हेड बाजारात आली. लोखंडी चकती, तिला दोन-चार साखळ्या. झुडपं, काटे, काहीही तोडतं. मघाचा हिशोब आठवा. एक ग्रॅमला साडेअकरा किलो. साखळीची टोकाची एक कडी २० ग्रॅमची धरली आणि तोच वेग धरला, तर तिच्यावर सव्वादोनशे किलोच्या वर ओढ. शिवाय दर फेऱ्याला दगडाचे तडाखे. कडी थकते, तडकते आणि सुटते, तेव्हा ती ताशी पाचशे किलोमीटरने जाते. नायलॉनचा तुकडा हलका, हवेत लगेच मंदावतो, लागला तर पायावर वळ उठतो. लोखंडी कडीचं तसं नाही. ब्रिटनमध्ये अशाच उडालेल्या कडीने माणसाचा जीव घेतला. तिथल्या सुरक्षा यंत्रणेने २०१० साली इशारा काढला, आणि जानेवारी २०१२ मध्ये युरोपियन कमिशनने निर्णय दिला की हातात धरायच्या ब्रश कटरसाठी एकमेकांत अडकवलेल्या धातूच्या भागांची अशी हेड बाजारात आणायला सर्व सदस्य देशांनी बंदी घालावी.

गार्ड हा दोरी आणि पात्यासाठी बनवलेला असतो, साखळीसाठी नाही, आणि मशीनची कंपनी अशा जोडणीची जबाबदारी घेत नाही. ही वस्तू आजही ऑनलाइन सहज दिसते. तुमच्याकडे असेल तर भंगारात द्या. कुणाला फुकट देऊ नका.

या बंदीमागचं तत्त्व हेड निवडताना रोजच्या कामातही लागू होतं: हेड हे मशीनचा भाग आहे, वर लावायची टोपी नाही. चांगल्या हेडवर जास्तीत जास्त किती फेऱ्यांसाठी ते बनलं आहे याचा आकडा कोरलेला असतो. तो तुमच्या मशीनच्या कमाल फेऱ्यांपेक्षा जास्त हवा. आकडाच नसेल तर ते हेड कुणी तपासलेलं नाही असं समजायला हरकत नाही.

आता शीर्षकातले उलटे आटे. सरळ दांड्याच्या, खाली गिअर असलेल्या मशीनचं हेड वरून पाहिलं तर सहसा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. गवताचा विरोध हेडला मागे ढकलतो. आटे नेहमीचे उजवे असते तर काम करता करता हेड सैल होऊन निघून आलं असतं. म्हणून आटे डावे ठेवले, म्हणजे गवत जितकं अडवेल तितकं हेड घट्ट बसतं. काढायचं असेल तर नेहमीपेक्षा उलटं फिरवायचं. किती गिअरचे आटे लोकांनी चुकीच्या दिशेने जोर लावून खराब केले असतील! वाकड्या दांड्याच्या छोट्या मशीनमध्ये दिशा बहुधा उलट असते आणि मग आटेही वेगळे. त्यामुळे हेडवरचा बाण आणि मशीनची दिशा जुळते का बघायला हवं.

आणि मापं. एम १० बाय १.२५ डावे आटे हे सगळ्यात जास्त दिसणारं माप, पण एम १० बाय १ आहे, मोठ्या मशीनवर एम १२ बाय १.५ आहे. १.२५ आणि १ यातला फरक डोळ्याला दिसत नाही. बोल्ट दोन फेरे आत जातो, मग जड लागतो, आणि पान्याने ढकलला की दोन्हीकडचे आटे जातात. ‘युनिव्हर्सल’ हेडच्या पाकिटात चार-पाच बोल्ट आणि वॉशर येतात ते याचसाठी. बोल्ट हाताने शेवटपर्यंत सहज गेला तर बरोबर, नाहीतर दुसरा घ्या. हेड बसवल्यावर हाताने फिरवून बघा; डुगडुगत असेल तर वापरू नका. ती डुगडुग ७,००० फेऱ्यांना हातात कंप म्हणून येते. ब्रिटनमध्ये २००५ च्या नियमांनुसार हाताला बसणाऱ्या कंपाची रोजची मर्यादा ठरलेली आहे, कारण वर्षानुवर्षं कंप सोसलेल्या कामगारांची बोटं पांढरी पडतात, बधिर होतात आणि ती संवेदना परत येत नाही. आपल्याकडे टाकीच्या हिशोबाने मजुरी घेऊन गवत मारणाऱ्या माणसाचे हात कोण मोजतंय?

एका श्रोत्यांनी विचारलं होतं की जाड दोरी घातली तर जास्त दिवस टिकेल ना? टिकेल, पण मशीनला झेपली पाहिजे. साधारणपणे २५ सीसीच्या आसपासच्या मशीनला २.४ मिलिमीटर, पस्तिशीतल्या मशीनला २.७, आणि ४० सीसीच्या पुढे ३ किंवा त्याहून जाड. २.४ वरून ३ वर गेलात तर दोरीचं वजन मीटरला सुमारे ५.२ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमवर जातं आणि हवेचा विरोध पाव पटीने वाढतो. त्याहून वाईट म्हणजे गार्ड काढून टाकणं. आपल्याकडे नवीन मशीन आलं की पहिलं काम गार्ड काढायचं, गवत अडकतं म्हणून. गार्डबरोबर ते दोरी मापात ठेवणारं पातंही जातं. दोरी लांब होते. नुसत्या हवेचा हिशोब धरला तर तेवढ्याच वेगाला लांबी एक दशांशाने वाढली तरी जवळजवळ दीडपट ताकद लागते. इंजिन धापा टाकतं, क्लच घसरतो, तापतो, जळतो, आणि दोष मशीनच्या नावावर लागतो. दगड पायावर येतात ते वेगळंच.

कोकणातल्या बागायतदारांसाठी अजून एक गोष्ट, आणि ही बॅलस यांच्या मूळ हेतूच्या बरोबर उलटी आहे. त्यांना झाडाची साल वाचवायची होती. मोठ्या, जाड सालीच्या झाडाला दोरी खरंच पात्यापेक्षा सौम्य. पण लहान रोपाला नाही. आंब्याचं किंवा काजूचं तीन वर्षांचं कलम घ्या. त्याच्या कोवळ्या सालीला ताशी पाचशे किलोमीटरची दोरी दोनदा घासली की सालीखालचा वाढीचा थर जातो. असं चहूबाजूंनी झालं की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही, आणि झाड काही महिन्यांनी वाळतं. तोवर कुणाला आठवतही नाही की ऑक्टोबरात गवत मारलं होतं. वृक्षतज्ज्ञ बागांमधल्या आणि रस्त्याकडेच्या तरुण झाडांच्या मरणाची कारणं सांगतात त्यात हे कारण नेहमी असतं. यावर कुठलंच हेड उपाय नाही. कलमाभोवती हातभर गोल विळ्याने साफ करायचा, तिथे पालापाचोळा घालायचा आणि मशीन त्या गोलाच्या बाहेर ठेवायचं.

जांभ्या कातळावर मात्र हेडची निवड थोडी बदलते. खडबडीत दगडावर दोरी इतकी भराभर झिजते की टॅप अँड गोचं रीळ बघता बघता रिकामं होतं. अशा ठिकाणी मी जुन्या पद्धतीचं, तुकडे ओवायचं हेड सुचवेन. मापात कापलेले जाड तुकडे खिशात ठेवायचे. आत स्प्रिंग नाही, दाते नाहीत, बिघडायला काही नाही. म्हणजे ज्या रचनेपासून सुरुवात झाली तीच, फक्त पत्र्याच्या जागी चांगलं प्लॅस्टिक आणि धातूच्या कड्या. सपाट, मऊ गवताच्या मैदानात पुन्हा टॅप अँड गो.

दोरीबद्दल शेवटचं. नायलॉन पाणी धरतं, हवेतला ओलावा सोडला की कडक होतं आणि तडकतं. दुकानात वर्षभर उन्हात टांगलेली दोरी रिळात भरली की ती भोकाशी पटापट तुटते, आणि सैल गुंडाळली असेल तर वेटोळी एकमेकांवर घासून, तापून चिकटतात. मग कितीही टॅप करा, दोरी येत नाही. दोरी आदल्या रात्री बादलीत भिजत घाला. सकाळी काढून, पुसून, घट्ट गुंडाळा, आणि रीळ काठोकाठ भरू नका.